वितरित खतावणी म्हणजे काय, आणि ती नेमकी कुठे उपयोगी पडते?

रोजमेळ (धागाकर्ता)

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मी आडत्यांच्या पेढ्यांचे हिशोब लिहितो. पहाटे टोमॅटोची एक गाडी उतरली की तिचा व्यवहार दुपारपर्यंत निदान चार ठिकाणी लिहिला गेलेला असतो : आडत्याच्या कीर्दीत, खरेदीदाराच्या उधारीच्या वहीत, बाजार समितीच्या सेसच्या नोंदीत, आणि हमाली, तोलाई व गाडीभाड्याचा हिशोब होऊन शेतकऱ्याच्या हाती पडलेल्या पट्टीत. माल एक, वजन एक, भाव एक; तरीही महिनाअखेरीस या चार कागदांचा मेळ घालताना माझे आठ-दहा दिवस जातात, कारण प्रत्येकाला स्वतःचीच वही खरी वाटते आणि दुसऱ्याची वही पाहायला मिळत नाही. डीएलटी म्हणजे 'डिस्ट्रिब्युटेड लेजर टेक्नॉलॉजी' या विषयाकडे मी वळलो तो या कंटाळवाण्या कामामुळे. आभासी चलनाच्या भावात मला रस नाही आणि या धाग्यावर त्याची चर्चा होऊ नये अशी विनंती आहे.

लेजर म्हणजे आपली खतावणी, म्हणून मी या तंत्राला वितरित खतावणी म्हणतो. ही खतावणी कोणा एकाच्या पेढीवर राहत नाही. व्यवहारातील प्रत्येक पक्षाच्या संगणकावर, म्हणजे नोडवर, तिची सारखीच प्रत असते. नवी नोंद आधी ठरलेल्या नियमानुसार संमती झाल्यावरच चढते. आणि एकदा चढलेली नोंद मागाहून गुपचूप बदलता येत नाही. यातली शेवटची गोष्ट ऐकणाऱ्याला सहसा पटत नाही, म्हणून ती आकडे मांडूनच दाखवतो.

प्रत्येक नोंदीला एक ठसा द्यायचा असे ठरवू. मागच्या नोंदीच्या ठशात या नोंदीची रक्कम मिळवायची, येणाऱ्या संख्येला ७ ने गुणायचे, ९७ ने भागायचे, आणि उरलेली बाकी हा या नोंदीचा ठसा. सुरुवात शून्यापासून. पहिली पट्टी १२,४०० रुपयांची आहे; ७ ने गुणून ८६,८०० होतात आणि बाकी ८२ उरते. दुसरी पट्टी ९,६५० ची. तीत ८२ मिळवून ९,७३२, गुणाकार ६८,१२४ आणि बाकी ३०. तिसरी १५,३०० ची. ३० मिळवून १५,३३०, गुणाकार १,०७,३१० आणि बाकी २८. आता शेतकऱ्याने गावी जाताना फक्त '२८' हा आकडा पाकिटात लिहून नेला आणि नंतर कोणी पहिल्या पट्टीतले १२,४०० खोडून १२,१०० केले, तर तेच गणित पुन्हा केल्यावर ठसे १९, ७४ आणि ४५ असे येतात. बदल पहिल्या ओळीत झाला, पण तो शेवटच्या ओळीत उघडा पडला. ज्याच्या हातात २८ आहे, त्याला संपूर्ण वही न वाचताही कळते की मागे कुठेतरी हात फिरला आहे.

खऱ्या व्यवस्थेत अनेक नोंदींचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, करतात आणि प्रत्येक गठ्ठ्यात मागच्या गठ्ठ्याचा ठसा, म्हणजे हॅश, ओवतात. ब्लॉकचेन हे नाव त्यावरूनच आले. वितरित खतावणीचे इतरही प्रकार आहेत, पण सर्वाधिक वापर या रचनेचा होतो. ही युक्ती बिटकॉइन या आभासी चलनाच्या आधीची आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन संशोधकांनी दस्तऐवजावर न पुसता येणारी तारीख कशी घालावी याचा विचार करताना ती १९९१ मध्ये मांडली, आणि १९९५ पासून त्यांच्या कंपनीने असा ठसा 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत दर आठवड्याला छापायला सुरुवात केली. वर्तमानपत्राच्या प्रती हजारो घरांत गेल्यावर तो आकडा बदलण्यासाठी त्या सगळ्या घरांतील रद्दी गोळा करावी लागली असती. वितरित खतावणीचे मर्म मला त्या छोट्या जाहिरातीत जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही आकृतीत दिसत नाही.

गणिती_कोथरूड

मांडणी आवडली, परंतु आपल्या उदाहरणात एक छिद्र आहे आणि ते दाखवणे मला आवश्यक वाटते. लबाडी करणाऱ्याने पहिली पट्टी १२,१०० केली आणि त्याबरोबर दुसरी पट्टी ९,६५० ऐवजी ९,७१३ केली, तर १९ मध्ये ९,७१३ मिळवून पुन्हा ९,७३२ च येतात, पुढचा ठसा ३० येतो आणि शेवटी २८ जसाच्या तसा राहतो. शेतकऱ्याच्या पाकिटातील आकडा त्याला काहीही सांगणार नाही.

रोजमेळ (धागाकर्ता)

आपण अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. हे छिद्र बुजवणे हेच हॅशचे काम आहे. माझ्या गणितात ठसे फक्त ९७ असू शकतात आणि गणित उलट करणे सोपे आहे, त्यामुळे हवा तो ठसा देणारी दुसरी रक्कम कागद-पेन्सिलीने सापडते. बिटकॉइनमध्ये आणि इतर अनेक ठिकाणी वापरली जाणारी शा-२५६ ही पद्धत २५६ बिटांचा ठसा देते. संभाव्य ठशांची संख्या ७८ अंकी आहे, आणि मूळ मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी संपूर्ण ठसा ओळखू न येण्याइतका पालटतो. एकाच ठशाचे दोन वेगळे मजकूर शा-२५६ साठी आजवर कोणालाही दाखवता आलेले नाहीत. मात्र हा भरवसा कायमचा धरून चालत नाही : एमडी-५ या जुन्या पद्धतीत असे जुळे ठसे २००४ मध्ये सापडले आणि शा-१ मध्ये २०१७ साली. पद्धत जुनी झाली की ती बदलावी लागते, जसे जुने कुलूप बदलावे लागते.

नोडधारक_बाणेर

मी याच क्षेत्रात सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून धागाकर्त्यांनी थोडक्यात उल्लेखलेल्या 'संमती'बद्दल सविस्तर लिहितो, कारण खरी अडचण तिथे आहे. ठशांची साखळी एकटा माणूसही ठेवू शकतो. पण वही अनेकांकडे असेल आणि दोन परस्परविरोधी नोंदी एकाच वेळी आल्या, तर कोणती आधी मानायची? एकच सदनिका सकाळी एकाला आणि दुपारी दुसऱ्याला विकल्याची प्रकरणे पुण्यातल्या वाचकांना सांगायला नकोत. दोन्ही करारांवरच्या सह्या खऱ्या असतात, प्रश्न फक्त क्रमाचा असतो. आज तो क्रम दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदवही ठरवते, म्हणजे मध्ये एक विश्वासाचे कार्यालय बसलेले आहे. असे कार्यालय नसताना, आणि सहभागींपैकी काही जण खोटे बोलत असतानाही, बाकीच्यांनी एकाच क्रमावर कसे यावे?

लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीझ यांनी १९८२ मध्ये हा प्रश्न बायझंटाइन सेनापतींच्या रूपकातून मांडला : शहराला वेढा घालून बसलेले सेनापती एकमेकांना निरोप पाठवून हल्ल्याचे ठरवतात, आणि त्यांच्यातले काही फितूर असू शकतात. त्यातून निघालेला हिशोब मला आजही विलक्षण वाटतो. निरोपांवर खात्रीची सही नसेल, तर तिघांमध्ये एक जरी लबाड निघाला तरी उरलेल्या दोन प्रामाणिक माणसांना खात्रीने एकमत करता येत नाही. त्यासाठी किमान चार जण लागतात. दोन लबाड सहन करायचे तर सात, तीन सहन करायचे तर दहा. मिगेल कॅस्ट्रो आणि बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९९९ मध्ये हे प्रत्यक्ष संगणकांवर पुरेशा वेगाने चालेल अशी पद्धत दिली, पण तिच्यासाठी सभासदांची यादी आधीपासून ठरलेली असावी लागते.

बिटकॉइनने यादीची अटच काढून टाकली. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या टिपणात असे सुचवले आहे की पुढचा गठ्ठा जोडण्याचा मान त्याला मिळावा, जो संगणकाकडून प्रचंड आकडेमोड करून घेऊन एक अवघड अट पूर्ण करणारा ठसा शोधेल. ठसा शोधायला सरासरी १० मिनिटे लागतील अशी अट आपोआप घट्ट किंवा सैल होत राहते; तपासायला मात्र क्षणभरही लागत नाही. जुनी नोंद बदलायची तर तिथून पुढची सगळी आकडेमोड पुन्हा करून प्रामाणिक मंडळींना मागे टाकावे लागते. याची किंमत विजेत मोजावी लागते, आणि ती अवाढव्य आहे. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या ब्लॉकचेनने १५ सप्टेंबर २०२२ रोजी आकडेमोडीऐवजी ठेव तारण ठेवण्याची पद्धत स्वीकारली, म्हणजे खोटेपणा केला तर ठेव जप्त होते. त्यामुळे त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला.

मार्केट यार्डासारख्या ठिकाणी यातले काहीच लागत नाही. तिथे सगळे एकमेकांना ओळखतात, परवाने आहेत, यादी ठरलेली आहे. तिथे हायपरलेजर फॅब्रिक किंवा कॉर्डा यांसारखी, परवानगी असलेल्यांपुरती खतावणी पुरते.

शनिवारवाड्यामागे

माझा प्रश्न कदाचित प्राथमिक असेल. आपण रोज भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देतो, तेही ब्लॉकचेनवर चालते का?

रोजमेळ (धागाकर्ता)

नाही. यूपीआयच्या मध्यभागी एनपीसीआय ही संस्था आहे. बँका तिच्यामार्फत बोलतात आणि तिच्या नोंदीवर सर्वांचा विश्वास आहे. जिथे असा सर्वमान्य मध्यस्थ उपलब्ध आहे आणि तो काम नीट करतो, तिथे वितरित खतावणी आणणे म्हणजे सरळ रस्ता सोडून डोंगर चढणे होय. हे तंत्र मला प्रिय असले तरी हे स्पष्टपणे सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

चावडीवाचन

मी वकिली करतो आणि माझे बरेचसे काम जमिनीचे आहे. जमिनीच्या नोंदी ब्लॉकचेनवर आणल्या की वाद संपतील असे वाक्य मी अनेक सभांमध्ये ऐकले आहे, आणि दर वेळी मला माझ्या आत्याची आठवण होते.

आजोबा गेल्यावर आमच्या गावच्या जमिनीची वारस नोंद झाली, तेव्हा फेरफारात माझ्या वडिलांचे आणि काकांचे नाव चढले, आत्याचे चढले नाही. कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. तिचे लग्न होऊन ती परगावी होती, नोटीस तिच्यापर्यंत पोहोचली नाही, हरकत आली नाही, आणि नोंद प्रमाणित झाली. तो फेरफाराचा उतारा माझ्याकडे आहे. निळ्या शाईत दोन नावे, त्यांच्यापुढे कंस, आणि कंसाबाहेर मोकळी सोडलेली एक ओळ. त्या ओळीत आत्याचे नाव येण्यासाठी आम्हाला अकरा वर्षे लागली आणि ते येईपर्यंत आत्या थकून गेली होती.

आता कल्पना करा की ती मूळ नोंद वितरित खतावणीत चढली असती. दहा नोडवर तिच्या दहा प्रती, प्रत्येकीचा ठसा बिनचूक, एकही अक्षर बदललेले नाही, आणि आत्या दहाही ठिकाणी गैरहजर. ठसा एवढेच सिद्ध करतो की लिहिल्यानंतर कोणी बदल केला नाही; जे लिहिले ते खरे होते की नाही याविषयी तो काही बोलत नाही. म्हणूनच महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ मध्ये अधिकार अभिलेखातील नोंद खरी असल्याचे गृहीत धरले जाते, परंतु ते 'विरुद्ध सिद्ध होईपर्यंत'. हे शेवटचे शब्द माझ्या आत्यासारख्या लोकांसाठी आहेत आणि कोणत्याही तंत्रज्ञानाने ते पुसू नयेत.

नोडधारक_बाणेर

वकीलसाहेब, आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे, फक्त त्याला एक बाजू जोडतो. वितरित खतावणीत चूक दुरुस्त करता येत नाही असा समज आहे, तो बरोबर नाही. जुनी नोंद खोडता येत नाही. तिच्याखाली नवी दुरुस्तीची नोंद करता येते, जशी कीर्दीत चुकीची रक्कम न खोडता उलट नोंद करतात. आपल्या आत्याच्या बाबतीत पहिली नोंद, हरकत, आदेश आणि दुरुस्ती हे सारे क्रमाने आणि तारखेसह दिसत राहिले असते, आणि मधल्या काळात कोणता कागद कोणाच्या टेबलावर किती दिवस होता हेही लपले नसते.

दाखल्यांच्या बाबतीत मात्र हे तंत्र आजही निःसंशय उपयोगी आहे, कारण तिथे प्रश्न खरे-खोटे ठरवण्याचा नसून देणाऱ्याने दिलेला कागद तोच आहे ना, एवढाच असतो. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीत २०२२ मध्ये जातीचे दाखले या पद्धतीने पडताळता येतील असे देण्यात आले. केंद्र सरकारने ४ सप्टेंबर २०२४ रोजी 'विश्वस्य' नावाची ब्लॉकचेन व्यवस्था सुरू केली. तिच्या उभारणीत सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचा वाटा आहे, आणि एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या भुवनेश्वर व हैदराबादबरोबर पुण्याच्या केंद्रातही ती चालते.

गणिती_कोथरूड

दाखला खतावणीत ठेवला तर तो सर्व नोडना दिसणार आणि कधीच पुसता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. हे दोन्ही एकत्र कसे नांदणार?

नोडधारक_बाणेर

दाखला खतावणीत ठेवायचाच नाही, फक्त त्याचा ठसा ठेवायचा. मूळ कागद देणाऱ्या कार्यालयाकडे आणि आपल्याकडे राहतो. पडताळणारा आपल्याकडच्या कागदाचा ठसा काढून खतावणीतल्या ठशाशी ताडून पाहतो. एक काळजी घ्यावी लागते : फक्त जन्मतारखेसारख्या छोट्या माहितीचा ठसा ठेवला, तर सगळ्या तारखा घालून पाहून मूळ माहिती शोधता येते, म्हणून ठसा काढण्यापूर्वी मजकुरात एक लांबलचक यादृच्छिक संख्या मिसळतात.

लॅबवाली_सहकारनगर

आपण सर्व जण डीएलटी भविष्यात येणार असल्यासारखे लिहीत आहात, पण ती आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीच आली आहे. माझी रक्ततपासणीची छोटी प्रयोगशाळा आहे. 'आपला रिपोर्ट तयार आहे' एवढा एक एसएमएस पाठवण्यासाठी मला दूरसंचार कंपनीच्या डीएलटी व्यासपीठावर आधी संस्थेची नोंदणी करावी लागली, मग संदेशाच्या वर दिसणारे सहा अक्षरी नाव मंजूर करून घ्यावे लागले, आणि मग संदेशाचा साचा, त्यात रुग्णाचे नाव व क्रमांक या बदलत्या जागा कोणत्या, हेही नोंदवावे लागले. ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१८ च्या नियमावलीने ही व्यवस्था आणली, कारण नको असलेले संदेश पाठवणारा एका कंपनीने हाकलल्यावर दुसऱ्या कंपनीकडे जात असे आणि कंपन्यांकडे एकमेकींच्या नोंदी नसत. आता पाठवणाऱ्यांची आणि साच्यांची यादी सर्व कंपन्यांना सामाईक आहे.

या व्यवस्थेचा त्रासही मी भोगला आहे. ८ मार्च २०२१ रोजी प्रत्येक संदेश साच्याशी ताडून पाहायला सुरुवात झाली आणि देशभर बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले; ट्रायला ती तपासणी एक आठवडा थांबवावी लागली. माझ्या साच्यात एका पूर्णविरामाआधी जास्तीची मोकळी जागा होती, तेवढ्यावरून माझे संदेश अडत होते, आणि लोक रिपोर्टसाठी दारात येऊन उभे होते.

रोजमेळ (धागाकर्ता)

ताई, हे उदाहरण मला सुचायला हवे होते. एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या कंपन्या, सामाईक वहीची सर्वांना गरज, आणि ती वही कोणा एका कंपनीच्या ताब्यात द्यायला बाकीच्यांची तयारी नाही : वितरित खतावणीची खरी जागा हीच. शिवाय इथे नियामकाने सर्वांना एकत्र बसवले, हा मुद्दा मला तंत्राइतकाच महत्त्वाचा वाटतो. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये जहाजवाहतुकीच्या कागदपत्रांसाठी ट्रेडलेन्स ही व्यवस्था उभी केली होती. तंत्र चालत होते, पण ज्या व्यवस्थेची मालकी स्पर्धकाकडे आहे तिच्यात आपले व्यवहार ओतायला इतर कंपन्यांचे मन धजेना. जागतिक सहकार्य पुरेसे मिळाले नाही असे सांगून नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली. उलट वॉलमार्टने आपल्या पुरवठादारांना बरोबर घेतले, तेव्हा कापलेल्या आंब्याचे एक पाकीट कोणत्या बागेतून आले हे शोधण्याचा वेळ जवळपास ७ दिवसांवरून २.२ सेकंदांवर आला. तिथे बोलावणारा इतका मोठा होता की पुरवठादारांना नाही म्हणणे शक्य नव्हते. मार्केट यार्डात असा कोण आहे, याचे उत्तर मी अजून शोधतो आहे. बाजार समिती बोलावू शकते, पण शेतकऱ्याच्या बाजूने नोड कोण चालवणार? शेतकरी कंपन्या चालवू शकतील असे मला वाटते, आणि त्या नसतील तर ही खतावणी केवळ बलवानांच्या आपसातील सोयीची ठरेल.

बचतगट_हडपसर

मी बारा जणींच्या बचत गटाची सचिव आहे. संगणकाचे मला फारसे कळत नाही, पण वरचे २८ चे उदाहरण मी वहीत करून पाहिले आणि ते जमले. आमच्या गटात वही एकीकडेच राहते. मागच्या वर्षी एका कर्जाच्या हप्त्यावरून वाद झाला, तेव्हा वहीतला आकडा आधीपासून तसाच होता की नंतर लिहिला हे आम्हाला कोणालाच सांगता येईना. दोघींनी गट सोडला, त्यांतली एक माझी शाळेपासूनची मैत्रीण होती. आम्हाला संगणकाविना यातले काही करता येईल का?

रोजमेळ (धागाकर्ता)

ताई, नक्की करता येईल. बैठक संपताना त्या दिवसाच्या सर्व नोंदींखाली रेघ ओढा, मागच्या बैठकीची शेवटची शिल्लक, आजची जमा, आजचे नावे आणि नवी शिल्लक लिहा, आणि खाली हजर असलेल्या सर्वजणींच्या सह्या घ्या. मग त्या पानाचा फोटो काढून तो लगेच, कोणीही चटईवरून उठण्यापूर्वी, बाराही जणींच्या फोनवर पाठवा. पुढच्या बैठकीत पहिले काम म्हणून सचिवांनी नव्हे, तर दुसऱ्या कोणीतरी, दर वेळी वेगळीने, आपल्या फोनमधल्या पानावरची शिल्लक मोठ्याने वाचावी आणि ती वहीतल्या आकड्याशी जुळल्यावरच नवी नोंद सुरू करावी. गणिती_कोथरूड यांनी दाखवलेले छिद्र इथे उरत नाही, कारण बाराजणींकडे नुसता ठसा नसून संपूर्ण पान आहे.

बचतगट_हडपसर

आमची बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला असते. या वेळी पहिले वाचन त्या मैत्रिणीला करायला सांगेन. ती गटात नसली तरी बोलावले तर येईल.